भुरीच्या दोन गाठी

भुरी ही आमची गिनीपिग. अंगाने भरलेली, वजन साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास. तिच्या अंगावर गाठी हाताला लागल्या तेव्हा ती पाच वर्षांची झाली होती. गिनीपिग साधारण पाच ते आठ वर्षं जगतात, म्हणजे भुरीचं म्हातारपण सुरू झालेलं होतं. ती दोन वर्षांची असती तर आम्ही एवढी घालमेल केली नसती. पुढचे सगळे प्रश्न या वयामुळेच उभे राहिले.

एक गाठ पाठीवर होती, अगदी मागे, जिथे शेपूट असायला हवी त्याच्या जरा वर. बोटाने सरकवली की कातडीबरोबर सरकायची, दाबली तरी भुरीचं खाणं थांबायचं नाही. दुसरी पोटाखाली, डाव्या स्तनाग्राला लागून. ही कडक होती, एका बाजूने ओबडधोबड, आणि खालच्या मांसाला धरून बसल्यासारखी. तिथे हात गेला की भुरी पाय आखडून घ्यायची. गिनीपिगच्या मादीला स्तनाग्रांची एकच जोडी असते, मागच्या पायांच्या मधे, त्यामुळे तिला नुसतं मांडीवर घेऊन ती जागा दिसत नाही. एका हाताने छातीखाली आधार देऊन उभं धरावं लागतं आणि दुसऱ्या हाताची बोटं केसांतून फिरवावी लागतात. माझ्या मुलीला हे छान जमतं. दर रविवारी वजन करताना तीच भुरीला आणि चिंगीला असं चाचपून बघते. चिंगी म्हणजे भुरीची जोडीदारीण.

आम्ही आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथे मुख्यतः कुत्री-मांजरं येतात. डॉक्टरांनी दोन्ही गाठी दाबून पाहिल्या, गळू असावं म्हणाले, आणि पोटात द्यायला अमॉक्सिसिलिन लिहून द्यायला लागले. मी तिथेच त्यांना थांबवलं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात, आणि त्यात जनावर दगावतं. क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिनचंही तसंच. ज्यांच्या घरी गिनीपिग आहे त्यांना एवढी नावं तोंडपाठ असायला हवीत असं मला मनापासून वाटतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पुस्तक काढून खात्री केली आणि स्वतःच सांगितलं, "या प्राण्यांचा रोजचा अनुभव असलेल्या कोणाला तरी दाखवा." ते मोकळेपणाने बोलले म्हणून आमचा वेळ वाचला.

दुसऱ्या डॉक्टरांकडे ससे, गिनीपिग, हॅमस्टर यांचीच वर्दळ असते. त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली, आणि पुढे सगळं त्यावरच चाललं. "दोन गाठी आहेत म्हणून एकच आजार आहे असं धरू नका. प्रत्येक गाठीचा वेगळा विचार करू." गिनीपिगच्या अंगावरची गाठ म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नसतं. मानेखालची सूज बऱ्याचदा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे पू झालेली लसिकाग्रंथी असते. मऊ, दबणारी गाठ चरबीची असू शकते. पाठीमागे, भुरीला होती तिथे, केसांच्या मुळापासून वाढणारी ट्रायकोफॉलिक्युलोमा नावाची गाठ नेहमी दिसते, आणि ती साधी असते. स्तनाच्या गाठीचं मात्र तसं नाही. त्यातल्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत गाठी कॅन्सरच्या निघतात. नरांनाही स्तनाची गाठ होते, हे मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं.

मग सुईची तपासणी. त्यासाठी भूल लागली नाही. मी भुरीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं आणि डॉक्टरांनी बारीक सुई दोन्ही गाठींत घालून थोडा थोडा अंश ओढून घेतला. पाठीच्या गाठीतून राखाडी, घट्ट लगदा आला. तो पाहूनच डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. काचपट्टीवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तो केराटिनच निघाला, म्हणजे केस आणि नखं ज्याची बनतात ते. स्तनाच्या गाठीचा नमुना पॅथॉलॉजी लॅबला गेला. रिपोर्टमध्ये 'कार्सिनोमाची (म्हणजे कॅन्सरची) शंका, खात्रीसाठी बायोप्सी आवश्यक' एवढंच होतं. सुईने आलेल्या पेशी शंका दाखवतात, पण गाठ आजूबाजूला किती घुसली आहे ते सांगू शकत नाहीत. त्यासाठी अख्खी गाठ काढून तपासावी लागते.

छातीचा एक्सरे स्वच्छ आला. पोटाच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांवर पाण्याच्या गाठी दिसल्या. आणखी काही निघालं या कल्पनेने माझं अवसान गळालं होतं. पण वयस्क माद्यांमध्ये त्या सर्रास असतात, आणि भुरीच्या लहान होत्या. कुशीवरचे केस दोन्हीकडे सारखे गळू लागले किंवा पोट फुगलं तर विचार करू, तोवर त्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं.

आता खरा प्रश्न घरी सुरू झाला.

सासूबाईंना ऑपरेशन मान्य नव्हतं. "एवढासा जीव. तिला काय कळणार आहे आपण तिच्या भल्यासाठी कापतोय ते? जेवढं आयुष्य आहे तेवढं सुखाने जगू दे गं तिला." हा मुद्दा मी कधीच उडवून लावला नाही, आजही लावणार नाही. भुरीला आपण समजावून सांगू शकत नाही. तिच्या वाट्याला फक्त परका वास, सुई, भूल आणि दुखणं येणार. माझ्या नवऱ्याचं म्हणणं उलट होतं. गाठ वाढून फुटली, त्यावर जखम झाली, तर ते दुखणं कित्येक पट मोठं असेल, आणि तेव्हा ती ऑपरेशनला आजच्याहून अशक्त असेल. मुलगी दोघांचं ऐकून म्हणाली, "आई, डॉक्टरांना विचार ना, त्यांची भुरी असती तर त्यांनी काय केलं असतं?"

मी विचारलं. डॉक्टरांनी थेट उत्तर द्यायच्या आधी एक आकडा सांगितला. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या हजारो पाळीव प्राण्यांची पाहणी झाली होती, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. भूल दिल्यावर किंवा त्यानंतरच्या ४८ तासांत दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, सशांत १.३९ टक्के आणि गिनीपिगमध्ये ३.८० टक्के होतं. म्हणजे शंभरात जवळजवळ चार. त्यात आधीच अत्यवस्थ असलेले प्राणीही होते, आणि नंतरच्या काळात काळजी घेण्याच्या पद्धती सुधारल्या आहेत. तरी हा धोका कुत्र्या-मांजरांच्या मानाने कितीतरी मोठाच. तो समजल्याशिवाय मला संमतिपत्रावर सही करायची नव्हती, आणि डॉक्टरांनाही ती घ्यायची नव्हती.

कारणही त्यांनी चित्र काढून दाखवलं. गिनीपिगच्या घशात मऊ टाळू जिभेच्या मुळाशी जोडलेला असतो आणि मधे फक्त एक लहानसं भोक राहतं. त्यामुळे कुत्र्यासारखी श्वासनलिकेत नळी घालणं फार अवघड. बहुतेक वेळा नाकातोंडावर मास्क लावून आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू देतात, म्हणजे श्वास अडखळलाच तर हाताशी उपाय कमी. शरीर छोटं, त्यामुळे अंग झपाट्याने गार पडतं. आणि भूल उतरल्यावर खाल्लं नाही तर आतडी थांबतात. ऑपरेशन नीट होऊनही गिनीपिग जातात ते बऱ्याचदा या शेवटच्या कारणाने.

मग त्या म्हणाल्या, "माझी भुरी असती तर मी स्तनाची गाठ आत्ताच काढली असती. छाती स्वच्छ आहे, वजन टिकून आहे, गाठ अजून लहान आहे. पाठीची मात्र राहू दिली असती." मी विचारलं, एकदा भूल देतोच आहोत तर दोन्ही का नाही? त्यांचं उत्तर मला पटलं. भुलेखालचं प्रत्येक जादा मिनिट त्या लहान शरीराला महाग पडतं. पाठीची गाठ तिला त्रास देत नाही. ती फुटून चिघळली तर तेव्हा बघता येईल. जी गाठ जिवावर उठू शकते तिच्यासाठीच धोका पत्करायचा.

हे ऐकून सासूबाईंचा विरोध मावळला असं नाही, पण त्या म्हणाल्या, "मग नंतर तिला भरवायचं काम मी करेन." आणि त्यांनी ते केलंच.

ऑपरेशनच्या तयारीत एक गोष्ट माणसांहून वेगळी असते. गिनीपिगला उलटी होत नाही, त्यामुळे रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. उलट उपाशी ठेवणंच धोक्याचं. गवत जवळजवळ शेवटपर्यंत चालू होतं. भूल द्यायच्या आधी दवाखान्यात तिचं तोंड पाण्याने धुतलं, कारण चघळलेला चोथा घशाशी साठून राहतो आणि भुलेत तो श्वासात जाऊ शकतो. चिंगीलाही आम्ही सोबत नेलं. एकाच पेटीत दोघी शेजारी असल्या की भुरी कमी घाबरते, आणि परत येताना तिच्या अंगाला दवाखान्याचा वास लागला तरी चिंगी तिला परकी समजत नाही.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डॉक्टरांचा फोन येईपर्यंत आम्ही बाहेर गाडीत बसून होतो. गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी भाग मिळून काढला होता, टाके कातडीच्या आतून घातले होते. भुरी गरम पॅडवर होती, शुद्धीवर येत होती, आणि कान हलवत होती.

पुढचे दिवस मात्र विसरता येणार नाहीत. पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा काढून मऊ कापड अंथरलं, म्हणजे जखमेला काही चिकटणार नाही. वेदनेचं औषध वेळेवर, रात्रीचं सुद्धा गजर लावून, कारण दुखत असलं की गिनीपिग खात नाही, आणि खाल्लं नाही की सगळं संपतं. व्हिटॅमिन सीचा डोस डॉक्टरांनी वाढवून दिला होता. माणसासारखंच गिनीपिगचं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, आणि त्याच्याशिवाय जखम भरत नाही.

पहिल्या संध्याकाळी भुरी कोपऱ्यात अंग फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसली होती. समोर गवत, कोथिंबीर, काहीच नको. सासूबाईंनी गवताची भुकटी कोमट पाण्यात कालवली, सिरिंजमध्ये भरली आणि तिला मांडीवर आडवं घेतलं. सिरिंज समोरून घालायची नसते. समोरच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने सरकवायची आणि अगदी थोडं थोडं सोडायचं. मग थांबायचं. ती चावते का बघायचं. भुरीचा जबडा हलेना. घास ओठांच्या कडेने बाहेर आला. सासूबाईंनी तो पुसला, परत थोडं सोडलं, तिच्या गालावरून बोट फिरवलं. कितीतरी वेळाने जबडा हलला, एकदा, मग सलग. आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो.

त्या रात्री पिंजऱ्यात लेंड्या नव्हत्याच म्हटल्या तरी चालेल. पहाटे मिळाल्या त्या बारीक, सुकलेल्या, एका टोकाला निमुळत्या. मी त्या हातावर घेऊन मोजल्या, फोटो काढून डॉक्टरांना पाठवले. हे वाचताना कोणाला विचित्र वाटेल, पण गिनीपिग बरा होतोय की नाही हे लेंड्यांइतकं खरं दुसरं काही सांगत नाही. हे प्राणी दुखणं लपवतात. निसर्गात सावज असलेल्या जनावराने अशक्तपणा दाखवला की ते संपलं, म्हणून ते शेवटपर्यंत ठीक असल्यासारखे बसतात. आतडं मात्र खोटं बोलत नाही.

वजन रोज सकाळी, एकाच वेळेला, स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. ते घसरलं, थांबलं, आणि मग हळूहळू चढायला लागलं. सिरिंजचं भरवणं आम्ही वजनाकडे बघून कमी करत गेलो. एका दुपारी मुलीने कोथिंबिरीची पिशवी उघडली आणि त्या आवाजाला पिंजऱ्यातून दोघींचं 'वीक वीक' आलं. भुरीचं जरा घोगरं होतं. मुलगी रडली, मीही.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. स्तनाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा. कडा स्वच्छ, म्हणजे कापलेल्या भागाच्या काठापर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या नव्हत्या. शंका खरी होती आणि गाठ पूर्ण निघाली होती. परत येणारच नाही अशी हमी कोणी दिली नाही.

त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ भुरी मजेत राहिली. पाठीची गाठ एकदा फुटून तो राखाडी लगदा बाहेर आला. डॉक्टरांनी जागा स्वच्छ केली, जंतुनाशकाने पुसायला सांगितली, ती बसली.

मग उजव्या स्तनाग्राजवळ नवी गाठ लागली. या वेळी सगळं तेच असूनही काहीच तेच नव्हतं. भुरी आता साडेसहाच्या आसपास होती. पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता, वजन आठशेच्या जवळ आलेलं. छातीच्या एक्सरेत दोन-तीन गोल ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाल्या, हा पसरलेला कॅन्सर असू शकेल, किंवा म्हाताऱ्या गिनीपिगच्या फुप्फुसात आपोआप होणाऱ्या साध्या गाठीही असू शकतील, त्या काही दुर्मीळ नाहीत. नक्की सांगायचं तर फुप्फुसाचा तुकडा काढावा लागेल. "पण त्याचं उत्तर काहीही आलं तरी तुम्ही वेगळं काही करणार आहात का?" असं त्यांनी विचारलं.

नव्हतो करणार. तिची श्वासाची ताकद आधीच कमी, त्यात भूल, त्यानंतर परत ते सिरिंजचे दिवस. पहिल्या वेळी आमच्याकडे दाखवायला कारण होतं: मजबूत शरीर आणि एकाच जागी असलेली गाठ. या वेळी दोन्ही नव्हतं. नवरा, ज्याने पहिल्यांदा ऑपरेशनचा आग्रह धरला होता, त्यानेच सांगितलं की आता नको. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, वेदनेचं औषध किती दिवस देता येतं. ते शेवटपर्यंत देता येतं.

उपचार थांबवायचे म्हणजे तिला सोडून द्यायचं, असं मला वाटलं नाही, कारण काम तेवढंच उरलं. गाठ आठवड्याला व्हर्नियर कॅलिपरने मोजून वहीत लिहितो. तिच्यावरची कातडी ताणून लाल होते आहे का ते बघतो. उंच कडेचं भांडं काढून गवत जमिनीलगत ठेवलं आहे. मागचा भाग ओला राहत असेल तर पुसून कोरडा करतो.

आणि डॉक्टरांसमोर बसून आम्ही एक यादी केली, शांतपणे विचार करता येत होता तेव्हाच. हातून भरवूनही वजन सातशेच्या खाली जात राहिलं तर. गाठ फुटून रक्त येत राहिलं तर. बसल्या बसल्या पोट आत-बाहेर करून श्वास घ्यावा लागला तर. औषध देऊनही ती दात करकरा घासत कोपऱ्यात बसून राहिली तर. यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, फोन करायचा, आणि तिला कायमचं झोपवायचं. आधी गॅसने पूर्ण बेशुद्ध करूनच इंजेक्शन देतात, हे मी विचारून घेतलं आहे. मुलीने यादीत आपली एक अट घातली: कोथिंबिरीच्या पिशवीच्या आवाजाला भुरीने लागोपाठ दोन दिवस ओ दिली नाही, तर तेही धरायचं. डॉक्टरांनी ती तशीच्या तशी लिहून घेतली.

चिंगी त्या वेळी सोबत असेल आणि नंतर तिला भुरीजवळ थोडा वेळ राहू देऊ, हेही ठरलं आहे. जोडीदार नुसता नाहीसा झाला तर उरलेला गिनीपिग शोधत राहतो, खाणं सोडतो. तिच्यासाठी वयाने मोठी, शांत स्वभावाची दुसरी जोडीदारीण बघायला आम्ही सुरुवात केली आहे. भुरी सध्या दोन वेळा औषध घेते आणि गवत स्वतः खाते.